नाव न विचारलेला पाहुणा

२०२५ साली कोजागरी ६ ऑक्टोबरला आली. आमच्या गच्चीवर शिरस्त्याप्रमाणे दूध आटले, त्यात चारोळ्या आणि वेलदोडे पडले, आणि चंद्राचे प्रतिबिंब दिसावे म्हणून पातेले मधोमध ठेवले गेले. गावाचे नाव आता सरकारदरबारी अहिल्यानगर झाले आहे. पण माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या जिभेवर अजून 'नगर' हेच येते. गप्पा रंगल्या होत्या. तेवढ्यात माझी नात म्हणाली, "आजोबा, आत्ता चीनमध्येही लोक असेच चंद्राखाली बसले असतील. त्यांचा चंद्राचा सण आणि आपली कोजागरी यंदा एकाच दिवशी आली आहे."

एरवी अशी माहिती मी कौतुकाने ऐकून सोडून दिली असती. पण त्या रात्री हातातला पेला तसाच राहिला. पासष्ट वर्षांपूर्वी, याच गावात, आमच्या घराच्या ओट्यावर बसून एका माणसाने हीच गोष्ट माझ्या आईला हातवारे करून सांगितली होती. त्या माणसाचे नाव मला ठाऊक नाही. ते का ठाऊक नाही, हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

आधी नातीच्या म्हणण्याचा उलगडा करतो. कारण त्यात एक गंमत आहे. चिनी महिना आपल्यासारखाच अमावास्येपाशी सुरू होतो, आणि त्यांच्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी त्यांचा शरद ऋतूतला चंद्राचा सण असतो. बहुतेक वर्षी ती आपली भाद्रपदी पौर्णिमा असते, म्हणजे कोजागरीच्या एक महिना आधी. पण २०२५ साली त्यांच्याकडे सहावा महिना दोनदा आला, आणि सण पुढे सरकून आपल्या अश्विनात येऊन बसला. अधिक महिन्याची युक्ती आपली एकट्याची नाही. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी अपुरे पडते. ती तूट भरून काढण्यासाठी ज्या चांद्र महिन्यात सूर्याचे संक्रमण होत नाही तो महिना जादा धरायचा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. ते संक्रमण ऋतूंवरून मोजतात, आपण नक्षत्रांवरून. म्हणून अधिक महिने पुढेमागे होतात. दोन शेजाऱ्यांनी एकाच आकाशाचा हिशेब एकाच रीतीने दोन वह्यांत लिहावा, तसा हा प्रकार आहे.

आता त्या माणसाकडे येतो.

माझ्या लहानपणी चिनी फेरीवाले गावोगाव हिंडून कापड विकत. मुंबईहून माल घ्यायचा, आगगाडीने एखाद्या गावी उतरायचे, धर्मशाळेत बिऱ्हाड टाकायचे आणि सायकलीला गाठोडे बांधून आळीआळीने फिरायचे, असा त्यांचा क्रम असे. आमच्याकडे येणारा फेरीवाला वर्षातून दोनदा येई. एकदा लग्नसराईच्या तोंडावर आणि एकदा दिवाळीच्या आधी. ओट्यावर गाठोडे सोडले की खणांची, रेशमी तागांची आणि रुमालांची नुसती बाग फुले. आळीतल्या बायका जमत, भाव होई, उधारी होई. तो मोडके हिंदी बोले, आमच्या बायका त्याहून मोडके बोलत, आणि तरी व्यवहारात कधी घोटाळा झालेला आठवत नाही. दिवाळीच्या फेरीला आई त्याला ताटलीत फराळ देई. चकली त्याला फार आवडे. तो खाली मान घालून सावकाश खाई आणि ताटली स्वतः विसळून ठेवी.

आम्ही त्याला 'चिनी' म्हणत असू. "चिनी आला", "चिन्याकडून घेतलेला खण". त्याला नाव असेल, हे आमच्या ध्यानातच आले नाही. कासाराला नाव होते, पिंजाऱ्याला नाव होते, दूधवाल्याच्या म्हशीलासुद्धा नाव होते. पण चार-पाच वर्षे दिवाळीचा फराळ खाणाऱ्या या माणसाला नाव नव्हते, किंवा असले तरी ते विचारावे असे कोणाला वाटले नाही.

एक प्रश्न मात्र आईने विचारला होता. बहुधा १९६० सालची दिवाळी असावी. "तुमच्याकडे असते का हो दिवाळी?" ती म्हणाली. त्याला प्रश्न कळायला वेळ लागला. कळल्यावर त्याने ताटली खाली ठेवली आणि हातांनी बोलू लागला. दोन्ही हातांचा मोठा गोल केला आणि वर बोट दाखवले, म्हणजे चंद्र. मग तळहाताएवढा लहान गोल केला आणि तोंडाशी नेला. म्हणजे चंद्रासारखी गोल मिठाई. मग झाडू मारल्यासारखे केले, जमिनीकडे बोट दाखवले आणि डोळे मिटले. आईला ते कळले नाही. ती म्हणाली, "झाडलोट करतात वाटतं सणाला." तो हसला, आणि खिशातून तांबड्या कागदाची एक लहानशी पुडी काढून त्याने माझ्या हातावर ठेवली. आत एक नाणे होते. कागद मी फेकून दिला आणि नाण्याच्या टिकल्या आणल्या.

तो काय सांगत होता, हे समजायला मला पुढे बरीच वर्षे लागली. थोडेसे इथे मांडतो. कारण ज्याने ते सांगण्याचा प्रयत्न केला त्याचे बोलणे निदान आता तरी पुरे व्हावे.

त्यांच्या नव्या वर्षाचा वसंत सण आपल्या पौष किंवा माघ अमावास्येच्या सुमारास येतो. त्याआधी घर झाडून-पुसून स्वच्छ करतात, जुनी देणी चुकती करतात, दारांवर तांबड्या कागदावर लिहिलेली शुभवचने लावतात. आदल्या रात्री सारे कुटुंब एका टेबलाशी जेवते. त्या जेवणाला पोचण्यासाठी दूरदूरच्या शहरांतून कोट्यवधी माणसे आगगाड्यांतून घरी धावतात. मुलांना वडीलधाऱ्यांकडून तांबड्या पुडीत पैसे मिळतात. माझ्या हातावर ठेवलेली पुडी ती ही. त्याने आपल्या सणातला एक घास मला दिला होता, आणि मी वेष्टन म्हणून तो फेकला.

काही गोष्टी वाचताना तर आपल्याच माजघरात बसल्यासारखे वाटते. चिनी स्वयंपाकघरात चुलीचा एक देव असतो. वर्ष सरताना, बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या किंवा चोविसाव्या दिवशी, तो स्वर्गात जाऊन घरातल्या माणसांच्या वागण्याचा अहवाल देतो अशी समजूत आहे. म्हणून निघण्यापूर्वी त्याच्या चित्राच्या ओठांना चिकट गोड पदार्थ फासतात. हेतू हा की वर गेल्यावर त्याने गोड बोलावे, नाहीतर दातखीळ बसून काहीच बोलू नये! आपण संक्रांतीला माणसांच्या हातावर तिळगूळ ठेवून तीच विनंती करतो. देवाला लाच आणि माणसाला आर्जव, एवढाच काय तो फरक. कुठे कुठे मात्र उलटे आढळते. आपण लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिची पूजा करतो. ते लोक नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी झाडूला हात लावीत नाहीत, कारण त्याबरोबर घरची लक्ष्मी बाहेर जाईल अशी भीती. एकाच झाडूबद्दल दोन टोकांच्या समजुती. पण दोन्हींच्या मुळाशी काळजी एकच, की घरात आलेले सुख घरात राहावे.

आणि डोळे मिटून केलेली ती झाडलोट? तो छिंगमिंगचा सण होता. हा चंद्रावर चालत नाही, आपल्या संक्रांतीसारखा सूर्यावर चालतो. म्हणून दरवर्षी एप्रिलच्या ४-५ तारखेच्या आसपासच येतो. त्या दिवशी लोक पूर्वजांच्या थडग्यांपाशी जातात, तण उपटतात, माती सारखी करतात, फुले आणि अन्न ठेवतात, कागदी नाणी जाळतात. तो आईला सांगत होता, की आमच्या सणांत एक सण मेलेल्यांचाही असतो. त्या वेळी त्याच्या आईबापांची थडगी कोण झाडत असेल, हा विचार आमच्या ओट्यावर कोणाच्याही मनात आला नाही.

१९६२ सालची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती, आणि २० ऑक्टोबरला चिनी सैन्याने सीमेवर हल्ला चढवला होता. मी दहा वर्षांचा होतो. नगर हे लष्कराचे गाव. रणगाड्यांचे शिक्षण देणारे केंद्र इथलेच. रेडिओभोवती आळी जमे. शेजारच्या माईंचा थोरला मुलगा नेफात होता, आणि त्याचे पत्र थांबले होते. आम्ही मुले अंगणात मातीचा किल्ला करीत होतो. त्या वर्षी मावळ्यांच्या हाती काडीच्या बंदुका देऊन त्यांची तोंडे उत्तरेकडे केली होती.

अशा वेळी सायकलीची घंटा वाजली. तो नेहमीसारखा आला होता. गाठोडे लहान होते. चेहऱ्यावर काय होते ते मला सांगता येत नाही, कारण मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. मी धावत गेलो, अंगणाचे दार त्याच्या तोंडावर लोटले, कडी घातली आणि ओरडलो, "चिन्या, चालता हो!" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, तिच्या हातात अर्धी भरलेली ताटली होती. आतून अण्णांचा आवाज आला, "दार उघडू नका." आई क्षणभर उभी राहिली. मग वळली आणि ताटलीतल्या चकल्या तिने पुन्हा डब्यात टाकल्या. डब्यात चकल्या पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. बाहेर घंटा आणखी एकदा वाजली, अगदी हलकी. मग सायकल गेली. मी किल्ल्यापाशी परतलो.

तो पुन्हा कधी आला नाही. पुढे कळले, की त्या वर्षी देशातल्या चिनी वंशाच्या लोकांच्या हिंडण्याफिरण्यावर निर्बंध आले, आणि आसाम-बंगालकडच्या सुमारे ३,००० जणांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवले. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुले होती; पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेले होते. काहींना तिथे चार-चार, पाच-पाच वर्षे काढावी लागली. आमचा माणूस त्यांच्यात होता, मुंबईत कुठे पोट भरीत राहिला, की देश सोडून गेला? शोध घ्यायचा म्हटले तरी कसा घेणार? शोधाला नाव लागते.

अनेक वर्षांनी मी अण्णांपाशी हा विषय काढला. ते शांतपणे म्हणाले, "भिंतीपलीकडे एक आई मुलाच्या पत्राची वाट पाहते आहे, आणि अलीकडे आपण त्या मुलावर गोळ्या झाडणाऱ्यांच्या जातभाईला चकल्या वाढतो आहोत; हे तुला बरे दिसले असते? सगळ्या जगाशी चांगले वागता येत नाही. जवळच्याचे दुःख आधी पाहावे लागते." अण्णा क्रूर नव्हते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि ते नुसत्या पुस्तकी माणुसकीने खोडून निघणारे नव्हते. प्रेमाला क्रम असतो. जो सर्वांवर सारखेच प्रेम करतो असे म्हणतो, त्याच्या घरच्यांना विचारावे! शेजारणीच्या दुःखापुढे एका फेरीवाल्याचा विरस मोठा मानणे हा वरवरचा उदारपणा ठरला असता.

म्हणून मी पुढे माईंनाच विचारले. त्यांचा मुलगा परत आला होता. बर्फात पायाची बोटे गमावून, पण परत आला होता. माई म्हणाल्या, "त्या दिवशी तो माझ्या दारात आला असता तर मीही दार लावलं असतं. पण माझ्यासाठी म्हणून तुम्ही ते लावू नये. मी दुःखात होते रे; दुःखातल्या माणसाला सगळेच शत्रू दिसतात. तुम्ही तर शुद्धीवर होतात ना?"

या एका वाक्याने अण्णांचा मुद्दा माझ्यापुरता निकालात निघाला. दुःखी माणसाला दार लावण्याची मुभा असते. त्याच्या नावाने इतरांना ती वापरता येत नाही. आपण पुष्कळदा आपला राग शेजाऱ्याच्या दुःखाच्या खाती टाकतो आणि त्याला सहानुभूती म्हणतो.

पण खरा नैतिक प्रश्न त्या दाराच्याही अलीकडचा आहे, असे मला आता वाटते. आमचे चुकले ते केवळ १९६२ साली का? त्याआधीची चार-पाच वर्षे आम्ही चांगले वागत होतो का? फराळ दिला, हे खरे. पण तो कोणाला दिला? आम्ही 'चिन्या'ला दिला, एका प्रकाराला दिला. माणसाला दिला नाही. आमचा फराळ निनावी होता, म्हणूनच आमचा द्वेषही निनावी होऊ शकला. ज्याला आपण नावाने ओळखतो त्याच्या तोंडावर 'चिन्या, चालता हो' असे म्हणता येत नाही. निदान जीभ एकदा अडखळते. ते अडखळणे हाच माणुसकीचा शेवटचा बुरूज असतो. शांततेच्या वर्षांत आम्ही तो बांधला नाही, आणि मग युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात मातीच्या किल्ल्यासारखा तो पडला, असे म्हणायलाही जागा नाही. जे बांधलेच नाही, ते पडेल कसे?

इथे मला दोन रूढी आठवतात. एक त्यांची, एक आपली.

चिनी लोक सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, ज्यांना कोणी वारस नाही अशा भुकेल्या प्रेतात्म्यांसाठी अन्न ठेवतात आणि पाण्यावर दिवे सोडतात. या सणाला एक बौद्ध कथा जोडलेली आहे, आणि तिचा नायक बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन आहे. त्याला दिव्य दृष्टीने दिसले, की आपली मेलेली आई प्रेतयोनीत उपाशी तळमळते आहे. त्याने तिला भाताचे पात्र दिले. पण घास तोंडाशी जाताच त्याचा निखारा झाला. तो रडत बुद्धाकडे गेला. बुद्धाने सांगितले, तुझ्या एकट्याने हे होणार नाही. या दिवशी साऱ्या संघाला अन्नदान कर, मग ते तिला पोचेल. चीनमध्ये ही कथा मूलियेन या नावाने घरोघरी पोचली. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातले एक सत्य उरतेच. फक्त आपल्याच माणसासाठी राखलेला घास आपल्याच माणसाच्या तोंडात निखारा होतो. तो अनेकांना वाढला तरच त्याचे अन्न राहते.

आपल्याकडेही पितृपक्षात आपल्या पितरांचे पिंड झाल्यावर एक धर्मपिंड देण्याची चाल आहे. ज्यांना कोणी नाही, ज्यांची नावेगोत्रे ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी. आमच्या घरी सर्वपित्रीला गुरुजी तो देववीत. अण्णा गेल्यानंतर मी श्राद्धाला बसू लागलो, आणि पहिल्याच वर्षी धर्मपिंडाच्या वेळी मला त्या फेरीवाल्याची आठवण झाली. क्षणभर बरे वाटले. चला, त्यालाही काही पोचले. पण लगेच स्वतःची लाज वाटली. धर्मपिंड असतो तो नाव नसलेल्यांसाठी. त्याला नाव होते. ते आम्ही विचारले नव्हते, एवढेच. आपल्या आळसाला धर्माने दिलेली सवलत म्हणून तो पिंड वापरणे मला पटेना. विस्मरणाला प्रायश्चित्त असू शकेल. न विचारण्याला कोणते?

याच्या उलट बाजूची एक गोष्ट आपल्या शेजारच्या जिल्ह्यातली आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यांत ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी, त्यांनी लग्न केले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांना मृत्यू आला. पथक पाठवण्यासाठी ज्यांनी देशभर हाक दिली ते पंडित नेहरू त्या दिवशी आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते. चीनमध्ये श्रज्याच्वांग शहरात डॉक्टरांची समाधी आहे, आणि छिंगमिंगला तिथे लोक फुले वाहतात. परदेशी मरण पावलेल्या मराठी माणसाचे थडगे त्या देशाचे लोक आपल्या पितरांच्या दिवशी झाडतात.

मला त्यातल्या नावांच्या गोष्टीचे विशेष वाटते. त्या लोकांनी डॉक्टरांना निनावी ठेवले नाही. कोटणीस या नावाला चिनी वळण देऊन 'के दीहुआ' असे नाव झाले. पथकातल्या डॉक्टरांच्या चिनी नावांना शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडलेले असे. 'हुआ' म्हणजे चीन. आणि कोटणिसांना मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव ठेवले 'यिनहुआ'. 'यिन' म्हणजे भारत. बाप गेला तेव्हा ते मूल काही महिन्यांचे होते, आणि पुढे तेही तरुणपणीच, १९६७ साली, गेले. पण दोन देश एका नावात मावू शकतात, एवढे ते दाखवून गेले.

यावर कोणी म्हणेल, डॉक्टरांनी त्यांचे प्राण वाचवले, म्हणून त्यांना मान. रेशमाचे तागे विकणाऱ्याने तुमचे काय केले होते? आणि शिवाय अशा स्मृती सरकारांच्याही सोयीच्या असतात. दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत. सरकारे सणांनाही सोयीप्रमाणे वागवतात. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात हेच सारे विधी जुनाट म्हणून मोडीत काढले गेले, आणि २००८ पासून छिंगमिंगला नि चंद्राच्या सणाला सरकारी सुट्टी मिळू लागली. उंबरठ्यावर कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, हे सरकारांच्या हाती सोपवले तर दार घटकेत उघडेल, घटकेत मिटेल. म्हणूनच सण घराघरांत असावा लागतो. राहता राहिला उपकाराचा प्रश्न. ज्याने उपकार केले त्यालाच नाव, असे ठरले तर जगातली बहुतेक माणसे धर्मपिंडातच जमा होतील. आणि त्यांत तुम्ही-आम्हीही असू.

काही वर्षांपूर्वी मी फेब्रुवारीत मुंबईस होतो. माझगावात, गोदीच्या बाजूला, नवाब टँक रोडवर एक चिनी देऊळ आहे, असे ऐकले होते. १९१९ साली तिथल्या चिनी वस्तीने ते बांधले. एके काळी या भागात पुष्कळ चिनी कुटुंबे होती. आता फारच थोडी उरली आहेत. नव्या वर्षाची पूर्वरात्र होती. तांबड्या रंगाची लहानशी दुमजली वास्तू, उदबत्त्यांचा दाट धूर, क्वान कुंग नावाचा एकनिष्ठेसाठी पुजला जाणारा सेनापती, आणि करुणेची देवता क्वान यिन. ही क्वान यिन म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचेच चीनमध्ये गेलेले रूप. म्हणजे तीही इथूनच निघून, तिकडे नांदून, नवे नाव घेऊन माझगावात माहेरी आलेली!

मी दाराशीच घोटाळत होतो. आपल्याला आत जाण्याचा काय अधिकार, असे वाटत होते. तेव्हा माझ्याच वयाच्या एका बाईंनी स्वच्छ मुंबई वळणाच्या हिंदीत म्हटले, "अंदर आइए, भाईसाब. बाहर क्यों खड़े हैं?" त्यांनी माझ्या हातावर संत्रे ठेवले, आणि विचारले, "आपका नाम?"

मी नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिले, नीट बसेपर्यंत. मग त्यांचे सांगितले. माझ्या बालपणीची गोष्ट त्यांना सांगावी असे फार मनात आले. पण सांगितली नाही. सणाच्या रात्री आपल्या मनावरचे ओझे यजमानाच्या ताटात टाकणे बरे नव्हे. शिवाय ती क्षमा त्यांच्याकडून मागण्यासारखी नव्हती. एका चिनी माणसाचा केलेला अपमान दुसऱ्या चिनी माणसाजवळ कबूल करून मोकळे होणे, म्हणजे पुन्हा त्या दोघांना 'चिनी' या एकाच पोत्यात भरणे. संत्रे घेऊन मी बाहेर आलो.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात हा कडू घास का वाढला, असे आपल्याला वाटेल. पण फराळाच्या ताटात कडबोळ्यापासून करंजीपर्यंत सगळे असते, तसे हेही एक असू द्या. सण माणसाला काय शिकवतो, या प्रश्नाला मोठमोठी उत्तरे आहेत. माझे उत्तर लहान आहे. सण आपल्याला दार उघडायला लावतो. पण उघडलेल्या दारातून काय करायचे, ते आपल्यावर सोडतो. देणे सोपे असते. ताटली पुढे करताना आपण उंचावर उभे असतो. विचारणे त्याहून अवघड. कारण विचारणारा मनुष्य थोडा वेळ तरी अडाणी होतो, ऐकून घेतो, समोरच्याचे नाव जिभेवर बसेपर्यंत चुकत राहतो. माझ्या आईने त्या वर्षी विचारलेला एकच प्रश्न, "तुमच्याकडे असते का हो दिवाळी?", हे आमच्या घराने त्या माणसाला दिलेले सर्वांत मोठे आतिथ्य होते. आणखी एक प्रश्न विचारला असता, तर कदाचित पुढचे सारे निराळे झाले असते. कदाचित झालेही नसते. पण मग आज मला त्याला निदान हाक तरी मारता आली असती.

आता आमच्या दारात दिवाळीला पुष्कळ नवी माणसे येतात. सामान पोचवणारी मुले येतात, नेपाळी गुरखा येतो, फरशी बसवणारे राजस्थानी कारागीर येतात, ऊसतोडीला निघालेली पाथर्डीकडची कुटुंबे गाडीरस्त्याला थांबतात. सून त्यांना फराळ देते. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला असतो. म्हाताऱ्याचा चोंबडेपणा म्हणून घरचे हसतात. पण मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही. नाव काय तुमचे? आणि तुमच्याकडे सण कसा करतात?